वाळवलेल्या वनस्पतींचं करतात काय? हर्बेरियमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्बेरियम म्हणजे नक्की काय?

वनस्पती दाबून वाळवायची, जाड कागदावर पक्की बसवायची, कोपऱ्यात माहितीचं लेबल लावायचं आणि असे कागद वर्गीकरणाच्या क्रमाने कपाटात रचून ठेवायचे. या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. कागद साधारण २९ बाय ४२ सेंटीमीटरचा असतो. जगात नोंदणी झालेली हर्बेरियम साडेतीन हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत मिळून जवळपास ४० कोटी नमुने आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात ८० लाखांच्या घरात, तर लंडनच्या क्यू उद्यानात ७० लाखांहून जास्त. पहिल्यांदा पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. ओळीने कपाटं, कपाटांत फोल्डर आणि फोल्डरमध्ये तपकिरी पडलेला पाला. त्या पाल्याला प्रश्न विचारायला लागलं की मग मात्र कपाटापाशी तासन्‌तास जातात.

पुस्तकात फूल दाबून ठेवतो, त्यात आणि यात फरक काय?

लेबलचा. ज्याला लेबल नाही तो नमुना नव्हे, नुसता पाचोळा, असं हर्बेरियममधली माणसं बिनदिक्कत म्हणतात आणि ते खरंच आहे.

लेबलवर शास्त्रीय नाव असतं, पण ते सगळ्यांत कमी महत्त्वाचं. नाव पुढेही कुणी शोधून काढेल. ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन कशी होती, आजूबाजूला काय उगवलं होतं, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक, हे मात्र त्या क्षणी लिहिलं नाही तर कायमचं गेलं. वाळल्यावर जे नाहीसं होणार तेही तिथेच लिहायचं असतं: फुलाचा रंग, वास, खोडाला चीर दिल्यावर येणारा चीक, साल, झाडाची उंची. दोनशे वर्षांपूर्वीच्या कित्येक लेबलांवर ठिकाण म्हणून फक्त एका खंडाचं नाव आढळतं. अभ्यासकाला मग हस्ताक्षर, कागदाचा प्रकार आणि जहाजाच्या प्रवासाच्या नोंदी जुळवून जागा हुडकावी लागते.

नंतरच्या अभ्यासकाला वेगळं नाव योग्य वाटलं तर तो आपली चिठ्ठी नाव-तारखेसह त्याच कागदावर चिकटवतो. जुनी चिठ्ठी काढत नाहीत. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदावर चार-पाच पिढ्यांचा वाद एकाखाली एक वाचायला मिळतो.

ही पद्धत कोणी सुरू केली?

श्रेय दिलं जातं इटलीतल्या लुका गिनी यांना. १६ व्या शतकात बोलोन्या आणि पिसा इथे ते औषधी वनस्पती शिकवत. हिवाळ्यात बागेत दाखवायला काही उरत नसे, तेव्हा वाळवलेली झाडं उपयोगी पडत. त्यांचा स्वतःचा संग्रह टिकला नाही. त्यांचे शिष्य आंद्रेआ चेझालपिनो यांनी १५६३ मध्ये तयार केलेला ७६८ वनस्पतींचा संग्रह मात्र फ्लॉरेन्समध्ये आजही आहे.

सुरुवातीचे संग्रह पुस्तकासारखे बांधलेले असत. नवी वनस्पती मिळाली की ती मधे घुसवायची सोय नसे. १८ व्या शतकात कार्ल लिनिअस यांनी एका कागदावर एकच वनस्पती लावून कागद सुटे ठेवले आणि त्यासाठी खास कपाट करून घेतलं. बदल साधा वाटतो. पण कागद सुटे असल्याशिवाय वर्गीकरण बदलून पाहता येत नाही, नवं-जुनं शेजारी ठेवता येत नाही. माझ्या मते वर्गीकरणशास्त्रात भिंगाइतकाच त्या कपाटाचा वाटा आहे. लिनिअस यांच्या पश्चात हा संग्रह १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ या तरुण इंग्रजाने विकत घेतला. त्याने १७८८ मध्ये स्थापन केलेल्या लंडनच्या लिनिअन सोसायटीकडे तो आहे.

नमुना प्रत्यक्षात कसा तयार करतात?

फूल किंवा फळ असलेली फांदी घ्यायची, कारण ओळख बहुधा त्यांवरूनच पटते. लहान रोप असेल तर मुळासकट. गवतासारखं लांबलचक काही असेल तर तोडायचं नाही, इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखं दुमडायचं. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं, म्हणजे खालची लव आणि शिरा दिसतील. वर्तमानपत्राच्या घडीत घालून, मधे टिपकागद आणि पन्हाळीचे पुठ्ठे ठेवून सगळी चळत लाकडी चौकटीत पट्ट्यांनी आवळायची.

पुढचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ओले कागद रोज बदलणं. इथे आळस केला की बुरशी आलीच. उबदार हवेच्या कपाटात हे काम दोन-तीन दिवसांत होतं, पण उष्णता फार झाली तर पानं काळवंडतात आणि त्यांतला डीएनए मोडतो. वाळल्यावर नमुना गोंदाने किंवा कागदी पट्ट्यांनी बसवतात, जाड काड्या दोऱ्याने शिवतात. गळलेल्या बिया आणि पाकळ्यांसाठी कागदाचीच एक पुडी त्याच शीटवर लावतात.

समुद्रशैवालांची तऱ्हा निराळी. ती पाण्यात तरंगत ठेवून खालून कागद अलगद वर उचलतात. त्यांच्या अंगच्या चिकट द्रवानेच ती कागदाला धरून बसतात, गोंद लागत नाही.

पावसाळी प्रदेशात आणि जहाजावर कागद कोरडा ठेवणं हाच मोठा पराक्रम असे. १७७० मध्ये जेम्स कुक यांच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियाला पोचलेल्या जोसेफ बँक्स यांनी वाळवणाचे सगळे कागद किनाऱ्यावर नेले आणि जहाजाच्या शिडावर उन्हात पसरले. दिवसभर ते आणि त्यांचे सोबती ते कागद उलटेपालटे करत बसले होते. त्या कागदांत एका महाकाव्यावरच्या टीकेची, बांधणी न झालेली छापील पानंही होती. ज्या उपसागराच्या काठी हे चाललं होतं त्याला पुढे बॉटनी बे हे नाव मिळालं.

निवडुंग, ताड, अवाढव्य पानं, यांचं काय करतात?

निवडुंग उभा चिरून आतला गर कोरून काढतात. मांसल वनस्पती दाबल्या तरी जिवंत राहतात, चौकटीतच त्यांना नवे कोंब फुटतात, म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवतात. ताडाच्या पानाचे तुकडे करून प्रत्येकाला क्रमांक देतात आणि तीच वनस्पती कित्येक शीटवर पसरते. नाजूक ऑर्किडची फुलं दाबली की त्यांचा आकार हरवतो, ती बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवतात.

मोठ्या आकाराचा तोटा काय होतो याचं चांगलं उदाहरण व्हिक्टोरिया या महाकाय कमळांचं आहे. तीन मीटर व्यासाचं काटेरी पान दाबायचं कसं? त्यामुळे नमुने थोडे आणि तुटपुंजे. या गटात दोनच जाती आहेत असं सगळे धरून चालले होते. क्यूमधले बागकामतज्ज्ञ कार्लोस मॅग्डालेना यांना एका छायाचित्रावरून शंका आली, मग बोलिव्हियातून आलेल्या बिया त्यांनी तिन्ही प्रकारची रोपं शेजारी-शेजारी दिसतील अशा वाढवल्या. चित्रकार ल्यूसी स्मिथ यांनी फुलं उमलतात त्या वेळी, म्हणजे रात्री, काचघरात बसून त्यांची चित्रं काढली. २०२२ मध्ये व्हिक्टोरिया बोलिव्हियाना ही तिसरी जात जाहीर झाली. तिचा वाळवलेला नमुना क्यूच्याच कपाटात १७७ वर्षं पडून होता.

वाळल्यावर रंग का जातो?

हरितद्रव्याच्या रेणूतला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरवा तपकिरीकडे झुकतो. निळे-जांभळे रंग आम्लता बदलली की बदलतात. पिवळे-नारिंगी त्यातल्या त्यात टिकतात. पाणी जितकं लवकर काढाल तितका रंग जास्त राहतो. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात पानं उकळून हिरवा रंग पक्का करता येतो, मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसतं. पण तो नमुना प्रदर्शनासाठी ठीक. ज्याचं पुढे रासायनिक विश्लेषण व्हायचंय त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

‘टाइप’ नमुना म्हणजे काय? त्याचं एवढं कौतुक का?

नवी जात जाहीर करताना तिचं नाव एका विशिष्ट नमुन्याला बांधलं जातं. तो टाइप. १ जानेवारी १९५८ पासून टाइप न सांगता दिलेलं नाव ग्राह्यच धरत नाहीत. गैरसमज असा की टाइप म्हणजे त्या जातीचा आदर्श नमुना. तसं काही नसतं. तो खुरटा, किडका, फुलं गळालेला असू शकतो. पण उद्या एका नावाखाली दोन जाती आहेत असं निघालं, तर मूळ नाव कोणाकडे राहणार याचा निकाल हाच कागद देतो.

म्हणून टाइप गेले की नुकसान मोजता येत नाही. मार्च १९४३ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या हर्बेरियमची इमारत जळाली आणि सुमारे ४० लाख नमुने गेले. त्याआधी, १९२९ पासून, शिकागोच्या फील्ड म्युझियमचे फ्रान्सिस मॅकब्राइड युरोपभर फिरून दक्षिण अमेरिकी वनस्पतींच्या टाइपची छायाचित्रं काढत होते. बर्लिनच्या कित्येक टाइपांची आता तेवढीच खूण उरली आहे.

उलट गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोची. १९०६ च्या भूकंपानंतर आग कॅलिफोर्निया ॲकॅडमी या विज्ञानसंस्थेच्या इमारतीकडे सरकत होती. जिना कोसळलेला. तिथला वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या ॲलिस ईस्टवूड त्याच्या लोखंडी कठड्याला धरून सहाव्या मजल्यावर चढल्या आणि टाइपांच्या गठ्ठ्यांना दोर बांधून ते खाली सोडले. १,४९७ नमुने वाचले. हे जमलं कारण प्रचलित पद्धत मोडून त्यांनी टाइप आधीच वेगळे काढून ठेवले होते. लाखभर फोल्डरांत विखुरलेले असते तर शोधायलाही वेळ मिळाला नसता. त्यांचं स्वतःचं घर मात्र त्या आगीत गेलं.

आगीचीच गरज असते असंही नाही. २०१७ मध्ये पॅरिसहून ऑस्ट्रेलियात अभ्यासासाठी पाठवलेले १०५ जुने नमुने, त्यांत काही टाइपही होते, कागदपत्रं अपुरी म्हणून जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी नष्ट केले.

आता उत्तम फोटो निघतात. मग झाड तोडून वाळवायचं कशाला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. फोटोत दिसतं तेवढंच राहतं. नमुन्यात पदार्थ राहतो, आणि त्या पदार्थाला पुढे कोण काय विचारेल हे तोडणाऱ्याला ठाऊक नसतं.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या करप्याने दुष्काळ पडला. त्या काळात कुणीतरी रोगट पानं वाळवून ठेवली. डीएनए हा शब्दही तेव्हा कुणाला माहीत नव्हता. २०१३ मध्ये त्याच पानांतून रोगकारकाचा डीएनए काढून वाचला गेला आणि दुष्काळाला जबाबदार धरलेला वाण तो नव्हेच, वेगळाच होता, असं निघालं. जुना डीएनए बारीक तुकड्यांत मोडलेला असतो, पण आजची यंत्रं तुकडेच वाचतात, त्यामुळे अडत नाही.

१९८७ मध्ये इयन वुडवर्ड यांनी दोनशे वर्षांतल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या पानांवरची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रं, मोजली. घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, तेव्हा तोच वायू घ्यायला झाडाला कमी रंध्रं पुरू लागली. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानात जिवंत झाडांचा फुलोरा त्याच झाडांच्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिला, तर १९०० ते १९२० च्या तुलनेत १९८० ते २००२ या काळात फुलं सरासरी ८ दिवस आधी येत असल्याचं दिसलं. स्वीडनमध्ये मॉसच्या जुन्या नमुन्यांतलं शिसं मोजून हवेच्या प्रदूषणाचा इतिहास मांडला गेला. किड्यांनी कुरतडलेल्या पानांची भोकंही मोजली जातात, कारण शंभर वर्षांपूर्वी किडे किती खात होते याची दुसरी नोंदच कुठे नाही. नीटनेटकी पानं निवडणाऱ्या संग्राहकांनी ही नोंद थोडी बिघडवून ठेवलीय, हेही अभ्यासकांना हिशेबात धरावं लागतं.

फोटोला कमी लेखायचं कारण नाही. आज चांगला संग्राहक दोन्ही करतो. दुर्मीळ झाड असेल तर फोटो आणि पानाचा छोटा तुकडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये, एवढ्यावर थांबणंच शहाणपणाचं.

नवी जात शोधायची तर जंगलातच जायला हवं ना?

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्या जातींपैकी फक्त १६ टक्के जातींचं वर्णन नमुना गोळा केल्यापासून ५ वर्षांत झालं होतं. जवळपास चौथा हिस्सा ५० वर्षांहून जास्त काळ कपाटात थांबला होता. अजून नाव न मिळालेल्या फुलझाडांपैकी निम्म्याहून अधिक आधीच गोळा होऊन पडलेली असावीत, असा त्या अभ्यासाचा अंदाज आहे. नमुने कमी नाहीत, त्यांच्याकडे पाहणारे तज्ज्ञ कमी आहेत.

वाळलेल्या बियांना अंकुर फुटतो का?

बहुतेकदा नाही. पण १७९३ मध्ये चीनमधून आणलेल्या अल्बिझिया जुलिब्रिसिनच्या बिया ब्रिटिश म्युझियममध्ये होत्या. १९४० मध्ये बॉम्बने लागलेली आग विझवताना त्या भिजल्या आणि १४७ वर्षांनी उगवल्या.

यात कला कुठे आली?

कागदावरच्या मांडणीपासूनच. फांदीचा मूळ झोक राखायचा, पानांनी फूल झाकायचं नाही, लेबलला जागा सोडायची, आणि तरी चार गोष्टी नजरेत भरतील असं बसवायचं. डार्विनचे गुरू जॉन हेन्स्लो एकाच जातीची अनेक रोपं एका शीटवर लहान-मोठी लावत, जेणेकरून जातीतला फरक दिसावा. शिष्याने पुढे ‘फरक’ याच गोष्टीवर उत्क्रांतीचा सिद्धांत उभारला, हे आपण जाणतो.

मग चित्रकार. वाळलेलं फूल थोडं उकळलं की पुन्हा मऊ होतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून चित्र काढतात. चपट्या नमुन्याला खोली परत मिळते ती इथे. चांगला वनस्पतिचित्रकार एकाच पानाची हुबेहूब नक्कल करत नाही, अनेक नमुने पाहून त्या जातीचं पान काढतो. विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांवर चित्रं करून घेतली. त्यांतली कित्येक आज टाइप म्हणून धरली जातात, म्हणजे जातीचं नाव चित्राला बांधलेलं आहे. चित्रकारांची नावं मात्र बहुतांशी नोंदलेली नाहीत.

ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून वाळलेली शैवालं रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात निळे ठसे काढले. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्या कामाकडे पाहिलं जातं. हार्वर्डमध्ये लेओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी १८८७ ते १९३६ या काळात केलेली काचेची फुलं आहेत, इतकी खरी की माणसं काच म्हणून मान्य करायला तयार होत नाहीत. आणि कवयित्री एमिली डिकिन्सन यांनी तरुणपणी केलेला ४२४ नमुन्यांचा संग्रह किंवा क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग यांनी तुरुंगातही चालू ठेवलेल्या वह्या शास्त्राच्या कसोटीवर फार उतरत नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या कारणासाठी पाहाव्यात.

हे सगळे नमुने गोळा कोणी केले? ते कोणाचे?

लेबलवर एक नाव असतं, श्रम अनेकांचे असतात. १७६६ मध्ये निघालेल्या फ्रेंच जगप्रदक्षिणेवर वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सों यांच्यासोबत झान बारे ही स्त्री पुरुषाच्या वेशात होती, कारण फ्रेंच नौदलाच्या जहाजावर स्त्रियांना मनाई होती. कॉमर्सों यांचा पाय अधू झालेला, त्यामुळे डोंगर चढणं आणि ओझी वाहणं बरंचसं तिच्याकडेच. जगाची प्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. कॉमर्सों यांचं नाव अनेक जातींना लाभलं. तिच्या नावाची सोलानम बारेटिए ही जात जाहीर व्हायला २०१२ उजाडलं. वाटाडे, झाडांवर चढणारे, स्थानिक नावं सांगणारे यांना तेवढंही मिळालं नाही.

वसाहतकाळामुळे उष्ण कटिबंधातल्या असंख्य जातींचे टाइप युरोपात आहेत. आपल्याच देशातल्या झाडाचं नाव पडताळायला परदेशी कपाट गाठावं लागायचं. उच्च प्रतीच्या स्कॅनमुळे अडचण हलकी झाली, मालकीचा प्रश्न सुटला असं नाही. २०१० च्या नागोया करारानंतर दुसऱ्या देशातून वनस्पती नेताना परवानगी आणि लाभाचा वाटा, दोन्ही ठरवावे लागतात.

जुन्या नमुन्यांना हात लावणं धोक्याचं असतं का?

असू शकतं. किडीपासून बचाव म्हणून पूर्वी त्यांवर पाऱ्याचं विषारी संयुग लावत. कागदावर करडे डाग दिसले तर सावध राहावं. हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

आणि आता किडीचं काय करतात?

गोठवतात. नमुने पिशवीत बंद करून उणे ३० अंशांवर काही दिवस, उणे २० असेल तर आठवडाभर किंवा जास्त. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाहीत, नाहीतर दमट हवेचं पाणी नमुन्यावरच साचतं. मुख्य शत्रू दोन लहान भुंगेरे आहेत, तंबाखू आणि सुक्या खाद्यपदार्थांतही तेच सापडतात.

सर्वसामान्यांना हे नमुने पाहता येतात का?

पॅरिस, क्यूसह अनेक संस्थांचे नमुने स्कॅन होऊन मोफत पाहता येतात. जीबीआयएफ या जागतिक संकेतस्थळावर कोट्यवधी नोंदी शोधता येतात. जुन्या लेबलांवरचं हस्ताक्षर वाचून टंकायला काही संस्था स्वयंसेवकही घेतात. घसटं हस्ताक्षर वाचायची हौस असेल तर हे काम सोडवत नाही.

घरी सुरुवात करायची तर?

आधी परवानगी. संरक्षित क्षेत्रातून आणि संरक्षित जातींचं काही घ्यायचं नाही. जिथे दोन-चारच रोपं आहेत तिथे हात लावायचा नाही. आपल्या कुंडीतलं तण सुरुवातीला उत्तम.

वजनाला जाड पुस्तकं चालतात. कागद आम्लरहित घ्या, साधा कागद काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको. टेपचा गोंद पाझरतो आणि लॅमिनेशन केलेला नमुना पुन्हा कधी उघडता येत नाही. बॉलपेनची शाई उडते, तेव्हा लेबल पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि ते झाडाजवळ उभे असतानाच लिहा. फोनवरून अक्षांश-रेखांश मिळतात, तेही त्यावर उतरवा, नुसते फोनमध्ये ठेवू नका.

घरचा संग्रह एखादी संस्था घेईल का?

नोंदी पूर्ण असतील तर विचारून पाहायला हरकत नाही. आधी यादी पाठवा, नमुने नंतर. संस्था आत घेण्याआधी ते गोठवेल, त्यामुळे काही आठवडे उत्तर आलं नाही तरी घाई करू नका.